उचल : कुर्ग व वायनाडच्या कॉफीमळ्यांतील मजुरांच्या बंधनाचा इतिहास

कॉफीच्या इतिहासाचा विषय निघाला म्हणजे आपल्याकडील लेखक बाबा बुदनाच्या सात बियांची कथा सांगतात आणि बहुधा तेथेच थांबतात. सतराव्या शतकात मक्केच्या यात्रेहून परतताना या सत्पुरुषाने मोखा बंदरातून सात बिया लपवून आणल्या व चिकमगळूरजवळच्या डोंगरावर त्या रुजविल्या, अशी ती कथा आहे. कथा गोड आहे आणि तिला इतिहासात जागा देण्यास आमची ना नाही. परंतु सात बियांचे लक्षावधी एकरांचे मळे आपोआप होत नाहीत. जंगल तोडणारे, खड्डे खणणारे, तण काढणारे, लाल फळे खुडणारे आणि वाळलेले बी निवडणारे हात कोणाचे होते, ते कोठून आले, कोणत्या अटींवर आले, आणि परत जावेसे वाटले तर त्यांस जाता येत होते काय, हा प्रश्न त्या कथेत येत नाही. यांतील शेवटचा प्रश्न आम्ही मुख्य मानतो. मजुरी चार आणे की सहा आणे, हा विचार महत्त्वाचा खरा. पण काम सोडून जाण्याची मोकळीक आहे की नाही यावरूनच मनुष्य मजूर की दास हे ठरते.

साधनांविषयी दोन शब्द आधी सांगणे अवश्य आहे. या विषयावरील बहुतेक कागद मळेवाल्यांच्या व सरकारच्या हातचे आहेत. रिश्टर या जर्मन पाद्र्याचे कुर्गविषयीचे १८७० चे पुस्तक, राइस यांचे म्हैसूर व कुर्गचे गॅझेटियर, लोगन यांचे मलबारवरील ग्रंथ, मंजराबाद प्रांती कित्येक वर्षे मळा चालविणाऱ्या रॉबर्ट एलियट यांची १८७१ व १८९४ ची पुस्तके, ही त्यांतली ठळक होत. एलियट यांच्या दुसऱ्या पुस्तकाच्या नावातच सोने आणि शिकार यांना कॉफीच्या आधी स्थान आहे, यावरून मळेवाल्याचे चित्त कोठे कोठे गुंतलेले असे ते वाचकांनी ताडावे. मजुरांच्या हातचे मात्र अक्षर नाही. असलाच तर करारपत्राखाली अंगठा आहे. अशा स्थितीत कायद्याचा मजकूर हे साधन आम्हांस अधिक विश्वसनीय वाटते. आठवणी लिहिणारा स्वतःस उदार म्हणवून घेतो. कायदा करून मागणाऱ्यास मात्र आपणांस काय हवे ते स्वच्छ सांगावे लागते.

मलबारच्या किनाऱ्यावरील अंजरकंडी येथे कंपनीने अठराव्या शतकाच्या अखेरीस मिरी, दालचिनी, कॉफी वगैरेंची बाग घातली व ती पुढे मर्डॉक ब्राउन या गृहस्थाकडे गेली. १८११-१२ च्या सुमारास उत्तर मलबारचा मॅजिस्ट्रेट टी. एच. बेबर याने या बागेत चौकशी केली, तेव्हा त्रावणकोरातून पळवून आणून विकलेली माणसे, त्यांत मुलेही, तेथे कामास लावलेली आढळली. बेबरने त्यांतील पुष्कळांस सोडवून मायदेशी पाठविले. १८०५ साली केरळवर्मा पळश्शी राजाच्या पाठलागावर असलेल्या तुकडीचा प्रमुख तो हाच बेबर. एकाच मनुष्याच्या हातून ही दोन्ही कामे झाली, हे इतिहासाच्या अभ्यासकाने ध्यानात ठेवण्याजोगे आहे. असो. दक्षिणेकडील कॉफीच्या लागवडीच्या आरंभीच हा गुलामीचा पुरावा सापडतो, एवढे येथे नोंदवितो.

१८३४ साली कंपनीने चिक्क वीरराजेंद्रास पदच्युत करून कुर्ग खालसा केले. १८५४ साली फाउलर नावाच्या युरोपियनाने मडिकेरीजवळ पहिला मळा घातला आणि पुढील दहापंधरा वर्षांत संपाजे घाटापासून वायनाडच्या सीमेपर्यंत डोंगरांची रया बदलली. ज्या रानांत ही तोड चालली तेथे मनुष्यवस्ती विरळ होती. स्थानिक कोडव हे जमीनदार व शिकारी; दुसऱ्याच्या मळ्यावर कुदळ धरणे त्यांस कमीपणाचे वाटे. तेव्हा मजूर बाहेरून आणणे भाग पडले : म्हैसूरच्या मैदानातील कन्नड शेतमजूर, दक्षिण कानडातील तुळू बोलणारे, मलबारातील मोपला, तमिळ जिल्ह्यांतील कुटुंबे. कॉफीचे फळ नोव्हेंबरापासून पिकू लागते व ते पिकल्यावर थांबत नाही. त्या तीनचार महिन्यांत माणसे मिळाली नाहीत तर वर्षाचे उत्पन्न झाडाखाली सडते. मार्च-एप्रिलमध्ये पहिल्या सरींबरोबर झाडे फुलतात, त्याच सुमारास ज्वराचा हंगाम सुरू होतो; आणि पावसाळ्याच्या तोंडी किनाऱ्याकडील माणसे आपल्या भातशेतीसाठी घाट उतरू लागतात. म्हणजे मळ्यास माणसे सर्वांत निकडीने हवीत तेव्हा त्यांस घरी काम असण्याचा संभव, आणि घरी धान्य संपते तेव्हा मळ्यावर ताप. या अडचणीवर मळेवाल्यांनी काढलेला तोडगा म्हणजे आगाऊ पैसा होय. आमच्या भाषेत त्यास ‘उचल’ हा नेमका शब्द आहे. ऊसतोडीच्या हंगामापूर्वी मराठवाड्यातील मजूर मुकादमाकडून जी घेतो तीच ही. म्हणून हा शब्द आम्ही येथे बुद्ध्याच योजिला आहे.

उचल ही काही गोऱ्या मळेवाल्याने शोधून काढलेली युक्ती नव्हे. मळा येण्यापूर्वीच कुर्गात व वायनाडात माणूस बांधून ठेवण्याच्या रीती होत्या. कुर्गातील येरव जातीचे लोक कोडव जमीनदारांचे वंशपरंपरेचे दास असत. त्यांत जमिनीबरोबर जाणारे व कुटुंबाच्या मालकीचे असे दोन भेद होते. पहिल्यांस जमिनीवेगळे विकता येत नसे, दुसऱ्यांस येई. १८४३ च्या ५ व्या कायद्याने सरकारी न्यायालयांनी दासाची मालकी ओळखू नये असे ठरले. कायद्याने दास ‘मुक्त’ केला असे यास म्हणता येणार नाही. त्याला परत आणून देण्याच्या कामी सरकार आपला शिपाई देणार नाही, इतकाच त्याचा अर्थ. तथापि हेही थोडे नव्हते. कारण शिपाई मिळत नाही म्हटल्यावर पळालेल्या येरवास रोख मजुरी देणारा मळा हा एक आसरा झाला असला पाहिजे. मळेवाल्यांचा कैवार घेणारे लोक या गोष्टीचा उल्लेख करतात तेव्हा तो सर्वस्वी अप्रामाणिक नसतो. पुढे सोळाच वर्षांत तोच शिपाई दुसऱ्या दाराने परत आला, हे मात्र ते सांगत नाहीत.

वायनाडातील रीत याहून निराळी व फार बोलकी आहे. मानंतवाडीजवळ वळ्ळियूरकावू येथे भगवतीचे देवस्थान असून मीनम् महिन्यात, म्हणजे मार्च-एप्रिलच्या सुमारास, चौदा दिवस तिचा उत्सव चालतो. या उत्सवात जमीनदार व पणिय जातीचे मजूर एकत्र येत. जमीनदार पणियाच्या हाती ‘निल्पुपणम्’ नावाची लहानशी रक्कम ठेवी, आणि ती घेणारा पणिय देवीसमक्ष वर्षभर त्याच्याकडे राबण्यास बांधला जाई. महाराष्ट्रात सालगड्याचे साल पाडव्यास ठरते, त्याची आठवण येथे कोणासही होईल. पण सालगड्यास साल संपल्यावर निदान नावापुरती तरी दुसरी ओसरी पाहण्याची मुभा असते. पणियास देवीचा कोप आडवा येई. ही रीत कॉफीच्या आधीची असून कॉफी आल्यावरही टिकली, आणि विसाव्या शतकाच्या सत्तरीपर्यंत तिचा माग लागतो. येथे देवी जे काम करीत होती तेच काम शेजारच्या युरोपियन मळ्यांवर कायद्याने केले. त्या कायद्याकडे आता वळू.

मळेवाला स्वतः गावोगाव जाऊन मजूर आणीत नसे. हे काम मेस्त्रीचे. मळेवाला मेस्त्रीस रक्कम देई, मेस्त्री आपल्या गावी जाऊन ती कुटुंबांस वाटी, आणि तितकी डोकी घेऊन हंगामास हजर होई. त्याचे वेतन त्याच्या टोळीच्या कामावर अवलंबून असे. त्यामुळे टोळीतील माणूस आजारी पडला काय किंवा बाळंतीण झाली काय, त्याचे नुकसान मेस्त्रीसच पहिल्याने भासे. रक्कम दिली जाई ती घरात दाणा नसताना, म्हणजे घासाघीस करण्याचे बळ घेणाऱ्यापाशी सर्वांत कमी असताना. वर्षाचा हिशेब होई तेव्हा तांदूळ, कांबळी, औषधपाणी व गैरहजेरीचे दिवस वजा होऊन मजुराच्या नावे पुष्कळदा बाकी निघे. ती बाकी पुढील वर्षाच्या उचलीत मिळविली जाई. मेस्त्री आणि मजूर बहुधा एका गावचे, एका जातीचे, कधी नात्याचे. म्हणून या व्यवहारात शिवीगाळ होती तशी माया व आधारही होता. दुष्काळाच्या साली मेस्त्रीने घर जगविल्याची उदाहरणे असणारच. ही गुंतागुंत लक्षात न घेता मेस्त्रीस निव्वळ राक्षस ठरविणे सोपे आहे, पण त्याने इतिहास कळत नाही. मेस्त्री हा स्वतः मळेवाल्याचा ऋणको होता.

आता १८५९ चा १३ वा कायदा. तो मूळचा कॉफीसाठी झालेला नाही. कलकत्त्यातील गोऱ्या व्यापाऱ्यांच्या संघाने सरकारकडे गाऱ्हाणे नेले की, कारागीर व कामगार आगाऊ पैसा घेतात आणि काम टाकून जातात. दिवाणी दाव्याने भरपाई मिळविणे केवळ निरुपयोगी आहे. त्यावरून तीन इलाख्यांच्या राजधानीच्या शहरांपुरता हा लहानसा कायदा करण्यात आला. शेवटी एक कलम असे जोडले होते की, सरकारास वाटेल त्या इतर स्थळी तो लागू करता यावा. शहरातील शिंपी-सुतारांसाठी घडविलेले हत्यार या एका कलमाच्या वाटेने आसामच्या चहाबागांत आणि कुर्ग-वायनाडच्या डोंगरांत जाऊन पोहोचले.

त्याची योजना अशी. मजुराने कामापोटी आगाऊ रक्कम घेतली आणि वाजवी कारणावाचून जाणूनबुजून काम केले नाही अशी तक्रार मालकाने मॅजिस्ट्रेटपुढे केली, म्हणजे मॅजिस्ट्रेटाने समन्स किंवा वॉरंट काढावे. तक्रार शाबीत झाल्यास रक्कम परत देववावी किंवा करारातील काम करण्याचा हुकूम द्यावा. या दोहोंपैकी काय हवे ते मालकाने सांगावयाचे. हुकूम न मानल्यास तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरीची कैद. शिवाय काम नीट पार पाडण्याबद्दल मजुराकडून जामीन घेण्याचीही तरतूद होती.

वाचकांनी या योजनेतील एका गोष्टीकडे बारकाईने पाहावे. निवड मालकाची आहे. सावकाराने कुळावर फिर्याद केली तर तो पैसा मागतो. कुळाने कोठून तरी पैसा आणून टाकला की सुटला. येथे फिर्यादीस पैसा नको असला तर तो न्यायासनाच्या तोंडून मनुष्यच मागू शकतो. कर्ज हे निमित्त, घ्यावयाचे ते श्रम. आणि मजुराची मजुरी मालकाने थकविली तर? त्यासाठी या कायद्यात मालकास कैद नाही, दंड नाही, वॉरंटही नाही. जो दिवाणी दावा मालकाच्या दृष्टीने केवळ निरुपयोगी ठरला होता, तोच दावा लिहितावाचता न येणाऱ्या, डोंगरात शेदीडशे मैलांवर आलेल्या मजुराच्या दृष्टीने पुरेसा मानला गेला. उचलीच्या रकमेस वरची मर्यादा नव्हती. प्रास्ताविकात ‘फसवणुकीने’ करार मोडणाऱ्यांचा उल्लेख आहे. अमलात मात्र ज्याने ताप आला म्हणून घाट उतरला तोही कचेरीत उभा राहू शकत होता, आणि आपले कारण वाजवी होते हे परक्या भाषेच्या न्यायाधीशास पटवून देणे त्याच्यावर येई.

खुद्द इंग्लंडात मालक व नोकर यांच्या कायद्याने कामगारास करारभंगाबद्दल तुरुंगात टाकीत असत. १८७५ साली पार्लमेंटने ती शिक्षा काढून टाकली व करारभंग हा दिवाणी मामला ठरविला. त्यानंतर पन्नास वर्षे हिंदुस्थानात तीच शिक्षा कायदेशीर राहिली. ज्या राज्यकर्त्यांस आपल्या देशातील खाणकामगारास कैद करणे रानटी वाटू लागले होते, त्यांस येरवास किंवा होलेयास कैद करणे व्यवस्थेचे वाटत होते. पीनल कोडातील ४९२ वे कलमही याच धर्तीचे होते. मालकाच्या खर्चाने दूर नेलेल्या कामगाराने काम सोडणे हा त्या कलमाने गुन्हा केला होता.

मळेवाल्यांची बाजू ऐकल्यावाचून निकाल देणे आम्हांस उचित वाटत नाही. त्यांची मुख्य तक्रार अशी की, एकच मजूर दोन-तीन मळ्यांची उचल घेतो व एकाही ठिकाणी धड राहत नाही. मेस्त्रीच रक्कम घेऊन बेपत्ता होतो. खोड पोखरणाऱ्या किड्याने व पुढे तांबेऱ्याने बागा बुडत असताना बुडीत उचलीचा बोजा कोणी सोसावा? ही तक्रार खोटी नव्हती. १८६० नंतरच्या दशकात खोडकिड्याने कुर्गच्या बागांची इतकी नासाडी केली की मद्रास सरकारास बिडी नावाच्या डॉक्टराकडून खास चौकशी करवावी लागली. १८६९ साली सिंहलद्वीपात प्रथम नोंदला गेलेला पानावरील तांबेरा पुढे इकडेही पसरला. बुडणारा धंदा चालविणारा मनुष्य नोकराशी औदार्याने वागत नाही, हा सर्वत्रचा अनुभव आहे. पण एक साधा उपाय त्यांना सुचू नये याचे नवल वाटते. मजुरी वेळच्या वेळी रोख द्यावी व ती शेजारच्या खेड्यातील मजुरीहून अधिक असावी, म्हणजे उचलीची गरजच मुळी उरली नसती. आमच्या मते हा उपाय न सुचण्याचे कारण कायदाच होता. कैदेचा धाक फुकट मिळत असता वाढीव मजुरी कोण देतो? १८९३ साली दक्षिण हिंदुस्थानातील मळेवाल्यांचा संयुक्त संघ स्थापन झाला, आणि १९०३ साली मद्रास सरकारने मळेवाल्यांच्या मजुरांविषयी आणखी एक स्वतंत्र कायदा केला. त्यात मालकावर काही बंधने आली खरी. तथापि मजुराची कैद त्यातही कायम राहिली.

हा दोष एकट्या इंग्रजी अमलाचा होता असे कोणी समजू नये. कॉफी जेथे जेथे गेली तेथे तेथे उचल तिच्या पाठोपाठ गेलेली दिसते. सिंहलद्वीपात तमिळ मजुराच्या टोळीचे कर्ज एका चिठ्ठीवर लिहीत, तिला ‘तुंडू’ म्हणत. दुसऱ्या मळेवाल्याने ते कर्ज चुकविले की टोळी त्याची होई. म्हणजे नाव कर्जाच्या हस्तांतरणाचे, व्यवहार माणसांचा. हा तुंडू १९२१ साली कायद्याने बंद झाला. ब्राझीलमध्ये साओ पाउलो प्रांतातील इबिकाबा मळ्यावर स्विस व जर्मन कुटुंबे आणली होती. जहाजाच्या भाड्याचे कर्ज फिटता फिटेना म्हणून त्यांनी १८५६-५७ साली डेव्हाट्झ नावाच्या शाळामास्तराच्या पुढारीपणाने बंड केले. ही माणसे गोरी व साक्षर होती, म्हणून त्यांच्या पुढाऱ्याचे पुस्तक आज उपलब्ध आहे. ग्वाटेमालात १८७७ च्या हुकुमाने प्रत्येक मजुराजवळ त्याच्या उचलीची वही असणे सक्तीचे झाले. १९३४ साली तेथे कर्जाची ही गुलामी रद्द झाली, परंतु तिच्या जागी भूमिहीनाने वर्षाकाठी ठरावीक दिवस मळ्यांवर काम केलेच पाहिजे असा भटकेपणाचा कायदा आला. एक दोर सोडताना दुसरा बांधून घ्यावयाचा, हा प्रकार पुढे कुर्गातही पाहावयास मिळतो.

१८५९ च्या कायद्याविरुद्ध हाक उठली ती पहिल्या महायुद्धानंतर. १९२० साली सरकारने त्यात दुरुस्ती करून उचलीच्या रकमेस मर्यादा घातली व अन्याय्य करार अमलात न आणण्याची मोकळीक मॅजिस्ट्रेटास दिली. त्याच वर्षी मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसची स्थापना झाली. तिच्या संस्थापकांपैकी एक, भारत सेवक समाजाचे नारायण मल्हार जोशी, १९२१ पासून मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांचे प्रतिनिधी म्हणून बसत होते. अखेरीस १९२५ च्या ३ ऱ्या कायद्याने मूळ कायदा व पीनल कोडातील ४९० व ४९२ ही कलमे रद्द झाली, आणि १ एप्रिल १९२६ पासून ती निवृत्ती अमलात आली. सदुसष्ट वर्षांनंतर काम सोडून जाणे हा हिंदुस्थानात गुन्हा राहिला नाही.

कुर्गात मात्र तो राहिला. कुर्ग हा चीफ कमिशनरच्या हाताखालचा चिमुकला प्रांत. १९२४ साली त्यास वीस सभासदांचे कायदेमंडळ मिळाले होते. १९२६ मध्ये तेथे कुर्गपुरता मजुरांचा निराळा कायदा झाला आणि शिक्षेची तरतूद आणखी पाच वर्षे, म्हणजे १९३१ पर्यंत, चालू ठेवण्यात आली. मळेवाल्यांस नव्या स्थितीशी जुळवून घेण्यास अवधी हवा, ही त्यामागील सबब. ज्यांनी त्या पाच वर्षांत घाट उतरला त्या मजुरांस हा अवधी कोणत्या न्यायाने मोजावा लागला, हे सांगण्याचे कोणी कष्ट घेतले नाहीत. योगायोग असा की, ज्या साली ही मुदत संपली त्याच साली व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील शाही मजूर कमिशनचा अहवाल बाहेर पडला, आणि त्या कमिशनातही जोशी सभासद होते.

या काळाचे चित्र सरकारी अहवालापेक्षा एका कादंबरीत अधिक स्पष्ट उमटले आहे. दक्षिण कानडातील शिवराम कारंत यांनी १९३३ साली ‘चोमन दुडी’ ही कन्नड कादंबरी प्रसिद्ध केली. तीतील अस्पृश्य चोमाच्या डोक्यावर घाटावरील कॉफीमळ्याचे लहानसे जुने देणे आहे. ते फेडण्यास त्याचे दोन मुलगे मळ्यावर जातात. एकाचा जीव जातो, दुसरा तिकडचाच होऊन राहतो. मग मुलगी जाते. देणे फिटते, पण ते तिच्या मजुरीने फिटत नाही. तिच्या अब्रूने फिटते. कादंबरी हे इतिहासाचे साधन नव्हे असे म्हणणारे आमचे काही मित्र आहेत. त्यांस आमचे उत्तर एवढेच की, कायद्यातील कैद गेल्यानंतरही उचल कशी चालू राहिली, याचे मर्म आम्हांस या कथेत सापडले. कैदेचा धाक गेला तरी घेतलेले फेडलेच पाहिजे ही गरिबाची नीती शिल्लक होती, आणि मळ्याचा व्यवहार तिच्यावर बिनबोभाट चालू शकत होता.

१९४४ साली सरकारने नेमलेल्या मजूरविषयक चौकशी समितीचे अध्यक्ष डी. व्ही. रेगे यांनी चहा, कॉफी व रबर यांच्या मळ्यांची स्वतंत्र पाहणी करून १९४६ मध्ये अहवाल दिला. मालक पुरते संघटित आणि मजूर पुरते असंघटित, हे त्यातील निरीक्षण मार्मिक आहे. त्या चौकशीचे फळ म्हणून १९५१ चा मळेमजूर कायदा झाला व १९५४ पासून अमलात आला. पिण्याचे पाणी, घर, दवाखाना, पाळणाघर, आठवड्याची सुटी व कामाच्या तासांची मर्यादा या गोष्टी त्याने मालकाच्या मर्जीतून काढून कर्तव्यात घातल्या. हे पाऊल मोठे होते यात शंका नाही. पण तो लागू झाला पंचवीस एकर व तीस मजूर यांवरच्या मळ्यांस. १९८१ मध्ये ही मर्यादा पाच हेक्टर व पंधरा मजूर अशी खाली आणली गेली. भारतातील कॉफीच्या धारणांपैकी सुमारे नव्याण्णव टक्के दहा हेक्टरांच्या आतील आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे कायद्याच्या छत्राबाहेर किती माणसे उभी होती याची कल्पना येते. २०२० साली हा कायदा कामगारांची सुरक्षा व आरोग्य यांविषयीच्या सर्वसाधारण संहितेत समाविष्ट करण्यात आला.

आमच्या विषयाच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा कायदा म्हणजे १९७६ चा वेठबिगार निर्मूलनाचा. ऑक्टोबर १९७५ मध्ये वटहुकूम म्हणून निघालेला हा कायदा बंधनाच्या कर्जाची व्याख्या करताना प्रथम ‘उचल’ हाच शब्द योजतो. उचल घेतली व तिच्या पोटी श्रम देण्याचे किंवा अन्यत्र कामास न जाण्याचे बंधन पत्करावे लागले, तर तो मजूर बांधलेला. कर्ज नष्ट, आणि त्या कर्जावर काम करवून घेणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद. १८५९ मध्ये उचल हा घेणाऱ्याच्या गुन्ह्याचा पुरावा होता. एकशे सतरा वर्षांनी तीच उचल देणाऱ्याच्या गुन्ह्याचा पुरावा ठरली. वळ्ळियूरकावूच्या उत्सवातील निल्पुपणम् याच सुमारास बंद पडले. एकाच शब्दाची कायद्याच्या पुस्तकांत अशी उलटापालट झाल्याचे दुसरे उदाहरण आम्हांस आठवत नाही.

तथापि शब्दाचा अर्थ बदलला म्हणून बंधनाची जागा रिकामी राहिली असे नाही. कुर्गच्या, म्हणजे आजच्या कोडगूच्या, मळ्यांत मजुरांच्या चाळीस ‘लाइनमने’ म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या त्यांत राहणाऱ्या येरव व कुरुब कुटुंबांच्या नावे ना ते घर, ना घराखालची जमीन. काम सोडावयाचे तर घर सोडावयाचे, आणि मळ्याबाहेर बूड टेकण्यास जागा नाही; कारण ज्या रानातून त्यांचे पूर्वज मळ्यांत आले ते रान आता राखीव आहे. २०१६ साली अशी शेकडो कुटुंबे लाइनमने सोडून विराजपेट तालुक्यातील दिड्डळ्ळीच्या रानात झोपड्या घालून राहिली. डिसेंबरात वनखात्याने त्या झोपड्या पाडल्या. पुष्कळ गाजावाजा झाल्यावर सरकारने त्यांतील कुटुंबांस बसवनहळ्ळी वगैरे ठिकाणी जागा दिल्या. इकडे मळ्यांतील मोकळ्या झालेल्या खोल्यांत आसाम व बंगालमधून आलेले मजूर राहू लागले आहेत.

या विषयाचे खरे दप्तर अद्याप उजेडात यावयाचे आहे. मडिकेरी, विराजपेट व मानंतवाडी येथील मॅजिस्ट्रेटांपुढे १८५९ च्या कायद्याखाली चाललेल्या खटल्यांच्या नोंदवह्या, मळ्यांच्या हजेरीवह्या आणि मेस्त्रींनी लिहून दिलेली करारपत्रे एकत्र पाहिली, तर कोणत्या महिन्यात किती वॉरंटे निघाली व त्यांतील किती कापणीच्या हंगामातील होती, एवढे तरी मोजता येईल. मंगळूरकडील कोकणी बोलणारी अनेक कुटुंबे एके काळी या मळ्यांवर कारकुनीस होती, आणि त्यांचे आप्त गोव्यात व मुंबईत आहेत. अशा एखाद्या घरच्या पेटीत जुनी हजेरीवही अथवा अंगठ्यांचे बाड असल्यास, ते रद्दीत देण्यापूर्वी मंडळाच्या चिटणिसांस एकदा दाखवावे, अशी आमची वाचकांस विनंती आहे.